दिगंबररावांच्या तलावातलं पाणी कुणी नेलं?

मागे उभे आहात ते पुढे या, जागा आहे. टाळ घटकाभर खाली ठेवा. देवाचं नाव घेऊन झालं, आता जरा माणसाकडे बघू.

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न छोटा आहे. घरातलं काही कमी झालं – डब्यातली साखर म्हणा, कपाटातली साडी म्हणा – तर माणूस आधी काय शोधतो? चूक शोधतो, की चोर शोधतो?

उत्तर देऊ नका. देवळात बसून दिलेलं उत्तर फार चांगलं असतं, त्याचा घरी काही उपयोग होत नाही. समोरच्या काकांनी मान हलवली, पण ती कुठल्या बाजूला हलवली ते मी काकूंना नंतर विचारून घेईन. तोवर गोष्ट ऐका. पुराणातली नाही, साताऱ्याकडची आहे.

साताऱ्याबाहेर एक उघडा माळ. त्या माळावर एक बंगला, आणि बंगल्यात दिगंबर खानविलकर. वीज खात्यात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बावीस भरारी पथकात. भरारी पथक म्हणजे ठाऊक आहे ना? तारेवर आकडा टाकून फुकटची वीज घेतात, त्यांना पकडणारे. खाली बघू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. तर हे दिगंबरराव गावात शिरले की आकडे आपोआप उतरायचे. तारेवर बसलेल्या कावळ्याकडे ते असं बघायचे, की कावळ्यानं आपणहून उठून जावं.

असे हे गृहस्थ निवृत्त झाले, आणि त्यांच्या बंगल्यामागे झाला पोहायचा तलाव. बारा पावलं लांब, पाच पावलं रुंद. निळी फरशी. आणि पाणी कसलं? गरम! विजेवर तापवलेलं.

थांबा. आता तुमच्या मनात काय आलं ते सांगू? सरकारी नोकर, आणि घरात पोहायचा तलाव? हा पैसा आला कुठून? आलं ना मनात? अहो, माणसाची ओळख करून देऊन मी घोटभर पाणी प्यालो नाही, तोवर तुम्ही त्याची चौकशी लावून मोकळे. तलाव बांधला त्यांच्या लेकीनं, अमृतानं. ती परदेशात हाडांची डॉक्टर आहे. तिनं स्वतःच्या कमाईतून तो बांधला, आणि बापासाठी नाही, आईसाठी बांधला.

आई म्हणजे हेमाताई. दहा वर्षांचा संधिवात. गुडघे असे धरलेले, की पलंगापासून ओट्यापर्यंत जायला पाव तास लागायचा, तोही भिंतीला हात लावत लावत. पण पाण्याची गंमत अशी, की ते माणसाचं वजन उचलून धरतं. कोमट पाण्यात छातीपर्यंत उतरल्या की हेमाताई चालायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीस फेऱ्या. कठडा न धरता. दिगंबरराव खुर्चीत पेपर घेऊन बसायचे, पण पेपर उलटा असला तरी त्यांना कळलं नसतं. त्यांचं लक्ष त्या पावलांकडे असायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी या माणसाचे बरेच अवगुण सांगणार आहे.

तलावाचं काम बघायला एक माणूस होता, महिपती शेवाळे. आडनाव शेवाळे, आणि काम काय, तर शेवाळ काढायचं. देवालाही कधी कधी थट्टा सुचते. पंचावन्नचा गडी. कृष्णाकाठच्या एका उपसा योजनेवर वीस वर्षं पंप चालवलेला. पंपाच्या आवाजावरून त्याला पंपाचं दुखणं कळायचं. बोलणं मात्र मोजकं. विचारलं तर सांगेल, नाही विचारलं तर जाळी घेऊन पानं काढत बसेल.

मार्गशीर्ष लागला. माळावर वारं सुटलं. आणि एके सकाळी दिगंबररावांचं लक्ष तलावाच्या काठाकडे गेलं. निळ्या फरशीवर पाण्याची रेघ असते ना, तिच्या खाली दोन बोटं फरशी कोरडी.

"महिपती, पाणी उतरलंय."

"व्हय साहेब. उतरतं ह्या दिसांत. घालतो भरून."

घातलं भरून. चार दिवसांत पुन्हा दोन बोटं खाली. पुन्हा भरलं, पुन्हा उतरलं. त्यातच विजेचं बिल आलं, मागच्या महिन्याच्या दुप्पट.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थंडी वाढली, पाणी तापवायला वीज जास्त लागली. पण बावीस वर्षं ज्यानं चोर पकडले, त्याला थंडी दिसत नाही, चोर दिसतो. दिगंबररावांनी मनात हिशेब मांडला – पाणी कमी, वीज जास्त. म्हणजे पाणी कुणीतरी नेतंय, आणि ते न्यायला पंप माझाच वापरतंय.

कुणाकडे नेत असेल? कुंपणापलीकडे रत्नाबाई देशमाने यांची रोपवाटिका. हजारो रोपं, आणि मार्गशीर्षाच्या वाऱ्यातही सगळी हिरवीगार. इतकी हिरवी कशी? झालं. हिरव्या पानाचाही संशय.

दिगंबररावांनी अडगळीतून जुना टाँग टेस्टर काढला. वायरीला चिमट्यासारखा लावला की आतून किती वीज वाहते ते सांगणारं यंत्र. दुपारी महिपती जेवायला गेला, तेव्हा कुंपणाच्या कडेनं फिरून, वाकून, प्रत्येक वायरीला तो लावून बघितला. रोपवाटिकेकडे जाणारी एकही वायर सापडली नाही. एखाद्याला वाटलं असतं, चला, शंका फिटली. यांना काय वाटलं? वायर पुरलेली असणार. बघा, मंडळी! पुरावा सापडला तर तो चोर, आणि नाही सापडला तर तो हुशार चोर. संशयाच्या दुकानात कुठलाच माल परत जात नाही.

मग ते गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागले. हेमाताईंना सांगितलं, उन्हाला बसतो. आणि गच्चीवर बसणाऱ्याला काही ना काही दिसतंच.

पहिलं काय दिसलं? दुपारी बारा वाजता महिपतीनं इकडे तिकडे बघून पंप बंद केला. तलाव बांधणाऱ्या ठेकेदारानं सांगितलं होतं, पंप चोवीस तास चालला पाहिजे, नाहीतर पाणी नासतं. दिगंबररावांचा तसा हुकूमच होता. तीन वाजता ते सहज म्हणून खाली उतरले.

"पंप बंद का रे?"

महिपतीनं जाळीतली पानं झटकली. मग म्हणाला, "लाईट गेलती साहेब."

लाईट गेली नव्हती. वर गच्चीवर दिगंबररावांचा रेडिओ चालू होता. म्हणजे खोटं बोलला. आता नीट ऐका, हे खोटं खरंच बोललं गेलं. महिपती खोटं बोलला, यात शंका नाही. ज्याच्याबद्दल संशय आहे तोच खोटं बोलताना सापडला, तर पुढे कुणाचं काय चालणार? तुम्ही काय केलं असतं?

दुसरं दिसलं ते आणखी वाईट. शुक्रवारी दुपारी महिपती कुंपणाच्या फटीतून रोपवाटिकेत गेला. जाताना बगलेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, पोत्याच्या तोंडातून निळं डोकावत होतं. अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं परत. शनिवारी पुन्हा तसंच. दिगंबररावांनी वहीत तारीख आणि वेळ लिहिली. पंचनाम्याची सवय.

सोमवारी ते कुंपणाशी दबा धरून राहिले. महिपती पोतं घेऊन पलीकडे गेला, रोपवाटिकेतल्या बायांजवळ पोचला, आणि मागून हे.

"काय नेतोयस माझ्या घरातून?"

अकरा बाया रोपांच्या पिशव्या भरत बसल्या होत्या. अकराहीजणींचे हात थांबले.

"साहेब, चोरलेलं न्हाई ह्ये."

"मग पंप बंद करून खोटं का बोललास? पाणी कुठे जातंय? बावीस वर्षं चोर पकडलेत मी, महिपती. चोराची पाठ मला लांबून ओळखू येते."

महिपतीनं पोतं खाली ठेवलं. त्या अकराजणींकडे एकदा बघितलं, मग दिगंबररावांकडे. तो ओरडला नाही, भांडला नाही. खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि फाटकाकडे चालू लागला. पोत्यात काय आहे, हे दिगंबररावांनी उघडून बघितलंसुद्धा नाही. चोर मिळाल्यावर माल कोण बघतो?

आवाज ऐकून हेमाताई घरातून निघाल्या होत्या. भिंत धरत, दार धरत, कठडा धरत त्या मागच्या अंगणात पोचल्या, तोवर महिपती माळाच्या पलीकडे गेला होता.

त्या म्हणाल्या, "काय केलंत हे?"

"चोर पकडला."

"तो चोर नाही. पंप बंद ठेवायला मीच सांगितलं होतं."

मंडळी, ऐका आता, काय घडलं होतं ते. दिवाळीच्या आधी महिपती दिगंबररावांकडे गेला होता. म्हणाला होता, साहेब, तलाव उघडा हाय, त्याच्यावर झाकण पायजे. पंप एवढा वेळ चालवायची गरज न्हाई, दिवसा आठ तास बास झाले. तेव्हा दिगंबरराव काय म्हणाले होते? "तुला पंप चालवायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. वीज मला शिकवू नकोस." महिपती परत आपल्या जाळीकडे वळला. पण हेमाताईंनी ते ऐकलं होतं. आपल्या पायांपायी एवढी वीज जळते, हे त्यांना आतून खात होतं. त्यांनी महिपतीला हळूच सांगितलं, तू कर तुला योग्य वाटतं ते, यांना मी बघून घेईन. रत्नाबाईंकडे हरितगृहाचं प्लास्टिक जोडायचं यंत्र होतं. महिपती निळ्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे तुकडे तिथे नेऊन जोडून घेत होता, तलावाच्या मापाचं एकच पांघरूण व्हावं म्हणून. प्लास्टिक हेमाताईंनी मागवलेलं. माल घरचाच, मालकिणीच्या सांगण्यावरून बाहेर गेलेला.

एवढं सगळं हेमाताईंनी नवऱ्याला सांगितलं. मग? पाघळले दिगंबरराव? गेले महिपतीच्या मागे धावत?

छे. ते बायकोकडे बघत राहिले. कावळ्याकडे बघायचे ना, तसं बघत राहिले. आणि म्हणाले, "म्हणजे तूही माझ्यापासून लपवत होतीस."

बघा संशयाची चाल कशी असते ती. एक दार बंद झालं की तो दुसऱ्या दारातून आत येतो. कालपर्यंत तो कुंपणाबाहेर होता, आज माजघरात आला. पस्तीस वर्षांचा संसार, आणि दिगंबररावांनी त्या संध्याकाळी बायकोला विचारलं, "प्लास्टिक पाच मीटर जास्त आलंय असं पावतीवर दिसतं. ते कुठे आहे?"

हेमाताईंनी त्या पावतीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंत धरून आत गेल्या.

पुढच्या दिवशी दिगंबररावांनी पाणी तापवायचा हीटर बंद केला. म्हणाले, पाणी कुठे जातंय ते कळेपर्यंत वीज जाळायची नाही. रात्रभर वाऱ्यात पाणी निवलं. दुसऱ्या सकाळी आठ वाजता हेमाताई नेहमीसारख्या काठाशी आल्या, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तो पाय तिथेच आखडला. पुढेही जाईना, मागेही येईना. दिगंबररावांनी धावत जाऊन काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. बायकोचा पाय हातात धरून चोळत बसले. पाय बर्फासारखा.

"दुखतंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या. मघाशी एक खोटं आपण मोजलं, आता हेही मोजा.

आठ दिवस चालणं बंद. आठ दिवसांत त्यांचा हात ओट्यावरचं भांडं उचलेना झाला. आणि पाणी? महिपती घरी बसलेला. पंपाची किल्ली दिगंबररावांच्या खिशात. कुंपणाची फट तारेनं बांधलेली. आणि तरीही पाण्याची रेघ खाली सरकतच होती. हीटर बंद म्हणून थोडी सावकाश, पण सरकत होती.

हेमाताईंनी खिडकीतून ते बघितलं होतं. नवव्या दिवशी चहा देताना त्या शांतपणे म्हणाल्या, "चोराला जाऊन आठवडा झाला. आता कोण नेतंय?"

दिगंबरराव चहाचा घोट तोंडात धरून बसले. गिळायलाच विसरले.

"महिपती बादलीचं सांगत होता," त्या म्हणाल्या. "तलावातलंच पाणी बादलीत भरायचं. बादली पायरीवर, पाण्यात उभी ठेवायची. आत किती पाणी आहे त्याची खूण करायची, बाहेर तलावाची खूण करायची. एक दिवस थांबायचं. तलाव जास्त उतरला तर कुठूनतरी पाणी जातंय. आणि दोन्ही सारखे उतरले, तर कुणी नेत नाही. ते उडून जातंय."

आता दिगंबररावांनी हे केलं, पण कशासाठी केलं? महिपती खरा ठरावा म्हणून? नाही हो! चोर सापडावा म्हणून. आणि बायको खोटी ठरावी म्हणून, हेही सांगून टाकतो, तुमच्याशी काय लपवायचं. हीटर पुन्हा चालू केला, म्हणजे सगळं आधीसारखं हवं. बादली भरून पायरीवर ठेवली. दोन्हीकडे खूण केली. फाटकाला कुलूप, पंपाच्या खोलीला कुलूप, पाणी सोडायच्या चावीला मीटरला लावतात तसली शिशाची मोहोर. आणि समोर खुर्ची टाकून स्वतः.

दुसऱ्या सकाळी बघतात तो तलाव अर्धं बोट खाली. आणि बादली? तीही अर्धं बोट खाली.

दिगंबररावांनी काय निष्कर्ष काढला? बादलीला कुणीतरी हात लावला.

हसू नका. जीव अडकलेला असतो माणसाचा स्वतःच्या बरोबर असण्यात, तो असा सहज सुटत नाही. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा कुलपं, पुन्हा मोहोर. आणि पुन्हा दोन्ही सारखेच खाली.

तिसऱ्या दिवशी हेमाताई स्वयंपाकघरातून परात घेऊन आल्या. भिंत धरत आणायला त्यांना वीस मिनिटं लागली. ती परात त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता ही बादलीवर झाका."

झाकली. दुसऱ्या दिवशी परात उचलली. तलाव अर्धं बोट खाली आणि बादली जशीच्या तशी. खुणेला पाणी टेकलेलं.

दिगंबरराव पायरीवर खाली बसले. माळावरून वारा येत होता आणि कोमट पाण्यावरून बारीक वाफ उठून त्या वाऱ्याबरोबर चालली होती. रोज चालली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत. हेमाताई चालताना त्यांनी ती शंभरदा बघितली होती, आणि मनात म्हटलं होतं, किती छान दिसतं. पाणी जात होतं ते तिथून. ऊब जात होती ती तिथून. जाईल त्याच्या जागी रोज थंड पाणी घालायचं आणि ते पुन्हा तापवायचं, असा तो उद्योग चालला होता. सगळ्या दारांना त्यांनी कुलपं घातली होती, आणि आभाळाकडे तोंड करून बारा पावलांचा तलाव सताड उघडा.

ते उठले, सदरा बदलला आणि महिपतीच्या गावी गेले.

महिपती अंगणात बसून पाइपाचा तुकडा कानशीनं घासत होता. यांना बघून उठला. बायकोनं पाणी आणून ठेवलं.

"महिपती, माझी चूक झाली," दिगंबरराव म्हणाले. "बादली लावून बघितली. तू म्हणत होतास तेच खरं. उद्यापासून ये."

महिपतीनं कानस बाजूला ठेवली.

"साहेब, एक इचारू? तुमी चोरीचा आळ माज्या दारात येऊन घातला व्हता का?"

दिगंबररावांनी पुढ्यातलं पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"अकरा बायांम्होरं घातला. त्यातली एक माज्या सुनंची मावशी. तुमचं बोलणं माज्या आधी गावात पोचलं. सून चार दिस माज्याशी नजर वर करून बोलली न्हाई. आन आता चूक झाली ह्ये तुमी हितं येऊन एकट्याला सांगताय. मला पटलं, साहेब. पर त्या अकराजणींस्नी कसं कळायचं?"

मंडळी, हा प्रश्न जड आहे. आळ घालताना आपल्याला चारचौघं लागतात. आणि माफी मागताना? कोपरा लागतो! वीज खात्यात बावीस वर्षांत दिगंबररावांनी शेकडो पंचनामे लिहिले. एकही मागे घेतला नव्हता. मागे कसा घ्यायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रोपवाटिकेच्या फाटकाशी उभे राहिले. आत बाया भाकरी खात बसल्या होत्या. दिगंबरराव बराच वेळ नुसते उभे. एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. शेवटी ते आत गेले.

म्हणाले, "मी त्या दिवशी इथे महिपती शेवाळेला चोर म्हणालो. तो चोर नाही. पाणी वाफ होऊन जात होतं. तो माझ्या घरचं नुकसान थांबवायला झाकण करत होता, ते तुमच्या समोरच जोडत होता. मी पोतं उघडून बघितलं नाही. चूक माझी आहे. हे तुम्ही ज्यांना ज्यांना ते सांगितलंत, त्यांना हेही सांगा."

 मग सुनेची ती मावशी म्हणाली, "आमाला ठाव हुतं झाकण जोडतोय त्ये. तुमी इचारलंच न्हाई."

ऐकलंत? अकराजणींना ठाऊक होतं. एकीला विचारलं असतं तरी पुरे होतं.

रत्नाबाईंनी अर्धवट राहिलेलं निळं पांघरूण बाहेर काढलं. आणि महिपती आला. चार दिवस आला. पांघरूण पुरं करून त्यानं ते तलावावर अंथरलं. पोहायच्या वेळी गुंडाळायचं, बाकी वेळ झाकलेलं. पंप दिवसा आठ तासांवर आणला. गाळणी साफ केली, ती इतकी कोंदली होती की पंपाला रेटून पाणी ढकलावं लागत होतं. वारा यायचा त्या बाजूला हिरवी जाळी बांधली. हेमाताईंना पाण्यात उभं करून विचारलं, ताई, दोन अंश कमी केलं तर चालंल का, आणि त्यांनी चालून बघून सांगितलं, चालेल. पुढच्या वर्षी लेकीनं गच्चीवर काळ्या नळ्यांची चटई बसवून दिली. पंप पाणी वर चढवतो आणि ऊन फुकटात तापवतं. बिल निम्म्याच्या खाली आलं. पाण्याची रेघ महिनाभर जागची हलेना. आणि हेमाताई? पहिल्या दिवशी सहा फेऱ्या, पंधरा दिवसांत पुन्हा वीस.

झालं का सगळं गोड? टाळ उचलू नका, एवढ्यात संपत नाही.

चौथ्या दिवशी काम आटोपल्यावर दिगंबररावांनी पंपाच्या खोलीची किल्ली महिपतीपुढे धरली. महिपतीनं घेतली नाही.

"का रे? अजून राग आहे?"

"राग न्हाई साहेब. अकराजणींम्होरं बोललासा, राग तितंच गेला. काम बी चांगलं हुतं तुमच्याकडं. पर आता मी तळ्यावर वाकलो की मला वाटंल, साहेब गच्चीवरनं बघत्यात. तुमी बघत नसला तरी वाटंल. रत्नाबाईंनी बोलावलंय, तिकडं जातो."

आणि तो गेला. आजही रोपवाटिकेत पंप बघतो. कुंपणापलीकडून हेमाताईंना हात करतो, तलावात काही अडलं तर येऊन सांगून जातो. पण किल्ली घेत नाही. निळं पांघरूण रोज सकाळी दिगंबरराव स्वतः गुंडाळतात. एकट्याला अवघड जातं ते, ओलं झालं की जड होतं. तरी गुंडाळतात.

मंडळी, दिगंबररावांच्या मनातला संशय गेला. अगदी धुऊन गेला. पण गेला कुठे? महिपतीच्या मनात जाऊन बसला! ज्याच्यावर आपण संशय घेतो, त्याला आपण तो देऊन टाकतो. आपण मोकळे होतो, आणि तो बिचारा आयुष्यभर गच्चीकडे बघत काम करतो. पाणी वाफ होऊन गेलं तर नळ सोडून भरता येतं. ऊब गेली तर ऊन आहे. पण भरवसा उडाला, तर त्याला कुठला नळ आहे सांगा. आहे कुणाकडे? कुणीच बोलत नाही. मघाशी दिगंबररावांच्या पैशाबद्दल शंका घ्यायला बरे सगळे तयार होता.

म्हणून सांगतो, काही कमी झालं की आधी बादली ठेवा. एक दिवस थांबा. एक प्रश्न विचारा, पोतं उघडून बघा. आणि एवढं करूनही खरंच चोर निघाला, तर मग धरा त्याला, देव आड येणार नाही. पण बादलीच्या आधी माणसाचं नाव घेऊ नका.

लांब कशाला जायचं? आता कीर्तन संपेल. तुम्ही बाहेर जाल, आणि दोनशे माणसांच्या चपलांच्या ढिगात कुणातरी एकाची चप्पल जागेवर सापडणार नाही. ती कुणाची ते मला ठाऊक नाही. पण ज्याची असेल त्यानं एवढंच करावं, आधी पलीकडच्या ओळीत वाकून बघावं. शेजारी वाकलेल्या माणसाच्या पायांकडे नंतर.

चला, आता टाळ उचला. नाव घेऊ या.